मूल दोघांचं, तपासणी एकटीची?

बदलापूरहून सुटणाऱ्या सकाळच्या लोकलमध्ये खिडकी मिळणं म्हणजे दिवाळीच. पण खिडकी नाही मिळाली तरी वाचायला काहीतरी मिळतंच. दाराच्या वर, पंख्याच्या खाली, पत्र्यावर चिकटवलेले छोटे लाल-पिवळे स्टिकर. नोकरी, प्रेमविवाह, गृहक्लेश, वशीकरण... आणि त्या यादीत कुठेतरी ‘संतानप्राप्ती’. खाली कुठल्याशा बाबाचा मोबाइल नंबर. तुम्हीही ते शेकडो वेळा वाचलं असेल, हसला असाल आणि कानात इअरफोन घातले असतील. मीही तेच करायचो.

मग एक दिवस त्याच डब्यात माझ्या वहिनीला तो नंबर मोबाइलमध्ये सेव्ह करताना मी पाहिलं.

वहिनी बी. कॉम. आहे, ठाण्यात नोकरी करते, घरातल्या सगळ्यांचे इन्कम टॅक्सचे फॉर्म तीच भरते. भोळी म्हणावी अशी ती अजिबात नाही. पण लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि घरात प्रत्येक सणाला एकच विषय निघायचा. त्याच आठवड्यात फॅमिली ग्रुपवर मीही लिहिलं होतं, ‘वहिनी, मला काका कधी करताय?’ पुढे बाळाचा इमोजी. तेरा जणांनी हसण्याचे इमोजी टाकले. वहिनीने काहीच टाकलं नाही.

मी २२ वर्षांचा आहे, मास कम्युनिकेशन शिकलोय, ‘संवाद’ या विषयात मला डिस्टिंक्शन आहे. आणि घरातल्या माणसाशी काय बोलू नये एवढंही मला कळलं नव्हतं. म्हणून हा लेख.

सहापैकी एक

आधी शब्द नीट समजून घेऊ. जोडप्यात नियमित शारीरिक संबंध आहेत, कोणतंही गर्भनिरोधक वापरलेलं नाही आणि १२ महिने उलटूनही गर्भ राहिलेला नाही, तर जागतिक आरोग्य संघटना त्याला वंध्यत्व म्हणते. बाईचं वय ३५ च्या पुढे असेल तर डॉक्टर सहा महिन्यांतच या म्हणतात. पाळी महिनोन्‌महिने येत नसेल किंवा आधीच काही आजार माहीत असेल, तर तेवढीही वाट बघायची नाही.

म्हणजे लग्नाला चार महिने झाले आणि ‘अजून काही नाही?’ असं विचारणाऱ्या मावशीला वैद्यकीय आधार काहीच नाही. आणि तीन वर्षं ‘होईल हो, घाई काय’ म्हणत बसणाऱ्यांनाही नाही.

याच संघटनेने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या अहवालानुसार जगातल्या प्रौढांपैकी सुमारे १७.५ टक्के लोकांना, म्हणजे साधारण सहापैकी एकाला, आयुष्यात कधी ना कधी हा अनुभव येतो. लोकलमधल्या समोरासमोरच्या दोन बाकांवर सहा जण बसतात (चौथ्या सीटवाल्यांना धरू नका). त्यातला एक. तो कोण, हे चेहऱ्यावरून कळत नाही.

आता शब्दांची गंमत बघा. बाईसाठी मराठीत ‘वांझ’ आहे, ‘वांझोटी’ आहे, शिवी म्हणून तयारच ठेवलेले. पुरुषासाठी? विचार करा. ‘नपुंसक’ म्हणाल तर तो वेगळा प्रश्न. संबंध ठेवताना येणारी अडचण ही एक गोष्ट आणि वीर्यात पुरेसे शुक्राणू नसणं ही दुसरी. पहिली अजिबात नसताना दुसरी असू शकते. दाढी-मिशी, आवाज, दंडाचा घेर यातलं काहीही शुक्राणूंची संख्या सांगत नाही. आपल्याकडे ही गल्लत इतकी पक्की बसलीय की ‘टेस्ट कर’ म्हटलं की पुरुषाला आपल्या मर्दानगीवरच बोट ठेवल्यासारखं वाटतं. आणि मग टेस्ट राहूनच जाते.

आमच्या घरी ती तीन वर्षं राहिली.

खिशातली डबी

त्या तीन वर्षांत वहिनीच्या मात्र सगळ्या तपासण्या झाल्या. रक्त, थायरॉइड, हार्मोन्स, चार सोनोग्राफी. गर्भनलिका मोकळ्या आहेत का हे बघायला गर्भाशयात औषध सोडून एक्स-रे काढतात, तीही झाली. ती करून आल्यावर वहिनी दुपारभर पोटाला गरम पिशवी लावून पडली होती. सगळे रिपोर्ट नॉर्मल. ज्या दवाखान्यात हे सगळं झालं तिथे दादाची एक साधी तपासणी करा असं कोणी म्हणालं नाही आणि आमच्या घरातही कोणाला ते सुचलं नाही.

खरं तर डॉक्टरीचं पुस्तक वेगळं सांगतं. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये पुरुषाच्या बाजूचं कारण असतं, एकट्याचं किंवा दोघांचं मिळून. म्हणून दोघांच्या तपासण्या एकाच वेळी सुरू व्हायला हव्यात. वीर्यतपासणी ही यातली सगळ्यात सोपी. सुई नाही, भूल नाही, दुखणं नाही.

दुसऱ्या डॉक्टरांनी पहिल्या भेटीत विचारलं, “यांचा रिपोर्ट कुठाय?” वहिनी दादाकडे बघत होती, दादा पंख्याकडे.

नियम असा की आधी दोन ते सात दिवस संबंध किंवा हस्तमैथुन नको. नमुना शक्यतो लॅबमध्येच द्यायचा. घरून आणायचा तर स्वच्छ, लॅबने दिलेल्या डबीतच, अंगाजवळ उबेत ठेवून आणि तासाभराच्या आत. लॅबच्या त्या खोलीत दादाला काही जमेना. बाहेर लोक बसलेत, दारावर कोणी टकटक करतंय. (हे खूप जणांचं होतं, लाजण्यासारखं काही नाही.) शेवटी दुसऱ्या दिवशी घरून न्यायचं ठरलं. लॅब उल्हासनगरला, आम्ही बदलापूरला. रस्त्याने गेलो तर ट्रॅफिकचा भरवसा नाही, म्हणून लोकल. सोबत म्हणून मी.

शर्टाच्या आतल्या खिशात डबी, त्यावर दादाचा हात. अंबरनाथला नेहमीसारखी गर्दी आत घुसली. एक काका म्हणाले, “मोबाइल सांभाळा बरं का, इथे फार मारतात.” दादा म्हणाला, “हो काका, तेच करतोय.” उल्हासनगरला उतरेपर्यंत आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर हसू फुटलं असतं.

दोन दिवसांनी रिपोर्ट आला तेव्हा मात्र हसू नव्हतं. शुक्राणूंच्या रकान्यात शून्य होतं.

जिममधला ‘कोर्स’

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “कसली औषधं, इंजेक्शनं घेता का?” दादा नाही म्हणाला. मग त्यांनी त्याच्या दंडाकडे बघून पुन्हा विचारलं, “जिममध्ये?”

इथे मुलांनो, जरा थांबून वाचा. हा भाग तुमच्यासाठी आहे, तुम्ही विशीत असाल तरीही.

दादाला लग्नाच्या आधीपासून जिमचा नाद. प्रोटीन पावडरवर सुरू झालं आणि जिममधल्याच एका ओळखीच्याने ‘कोर्स’ आणून दिला. टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं. तो म्हणाला होता, पुरुषाचंच हार्मोन आहे, नुकसान कसलं?

नुकसान असं. आपला मेंदू रक्तातलं टेस्टोस्टेरॉन सतत मोजत असतो. बाहेरून भरपूर आलं की मेंदूला वाटतं, माल भरपूर आहे, कारखाना बंद ठेवा. मग मेंदूतली पिट्युइटरी ग्रंथी वृषणांना संदेश पाठवणं कमी करते. वृषणांत शुक्राणू तयार व्हायला त्या संदेशांची आणि आतल्या आत तयार होणाऱ्या टेस्टोस्टेरॉनची गरज असते. दोन्ही थांबलं की शुक्राणू कमी होत जातात, कधी शून्यावर येतात. वृषणं आकारानेही लहान होतात. आरशात मात्र छाती दोन इंचांनी वाढलेली दिसते.

हे बऱ्याच जणांमध्ये परत सुधारतं. पण लगेच नाही. एक शुक्राणू तयार होऊन बाहेर यायला साधारण अडीच-तीन महिने लागतात, त्यामुळे आज इंजेक्शन थांबवलं तर उद्या रिपोर्ट बदलत नाही. कोणाला सहा महिने लागतात, कोणाला वर्ष, कोणाला त्याहून जास्त. आणि काहींना औषधांची मदत घ्यावी लागते, तीही डॉक्टरच्याच देखरेखीखाली.

इंजेक्शनं बंद करून सहा महिन्यांनी दादाने पुन्हा तपासणी केली. एका मिलिलिटरमध्ये ४० लाख. तुम्हाला हा आकडा मोठा वाटेल. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेत खालची मर्यादा आहे १ कोटी ६० लाख. शून्यावरून ४० लाख म्हणजे गाडी सुटलीय, पण कल्याण अजून लांब आहे.

पुरुषांमध्ये कारणं फक्त हीच नाहीत. वृषणाभोवतीच्या शिरा फुगणं (व्हेरिकोसील), लहानपणी वृषण खाली न उतरणं, वयात आल्यानंतर झालेला गालगुंडाचा आजार, लैंगिक संसर्ग, तंबाखू, दारू, सतत उष्णतेजवळचं काम, काही जनुकीय कारणं. यातल्या कितीतरी गोष्टींवर उपाय आहेत. पण उपाय सुरू व्हायला आधी तपासणी व्हावी लागते.

मुलींनो, ‘चालायचंच’ म्हणू नका

बाईच्या बाजूचीही कारणं आपल्या वयातच दिसायला लागतात. आपण ती उडवून लावतो.

पाळी दोन-दोन महिने येत नाही, चेहऱ्यावर केस, पुरळ, वजन वाढतंय? पीसीओएस असू शकतो. त्यात अंडाशयातून बीज वेळेवर बाहेर पडत नाही. याचा अर्थ ‘मूल होणार नाही’ असा नाही. व्यायाम, आहार, गरज पडली तर गोळ्या, एवढ्यावर खूप जणींचं काम होतं. पाळीत इतकं दुखतं की दर महिन्याला लेक्चर बुडतात? ‘सगळ्यांनाच दुखतं’ असं म्हणून सोडू नका. एंडोमेट्रिऑसिस असू शकतो आणि तो ओळखायला अनेक मुलींची कितीतरी वर्षं जातात.

गर्भनलिका बंद होणं हे आणखी एक मोठं कारण. काही लैंगिक संसर्ग कोणतंही लक्षण न दाखवता नलिका खराब करतात, म्हणून कंडोम हे फक्त गर्भ राहू नये यासाठी नसतं. आणि आपल्या देशात टीबी फक्त फुफ्फुसांना होत नाही. तो गर्भाशयाला आणि नलिकांनाही होतो, खोकला नसतानाही.

वयाचंही खरं सांगायला हवं. मुलगी जन्माला येते तेव्हाच तिची सगळी बीजं तिच्या अंडाशयात असतात, नवी तयार होत नाहीत. पस्तिशीनंतर त्यांची संख्या आणि दर्जा झपाट्याने उतरतो. हे कोणाला लग्नाची घाई करायला सांगायचं म्हणून नाही. निर्णय तुमचा, पण माहिती असताना घेतलेला बरा.

परळच्या केईएममधली ती सकाळ

टेस्ट ट्यूब बेबी म्हटलं की आपल्याला चकचकीत जाहिराती आठवतात. पण मुंबईतली ही गोष्ट महापालिकेच्या एका रुग्णालयात घडली. ६ ऑगस्ट १९८६ ला परळच्या केईएममध्ये हर्षा चावडा जन्मली. शास्त्रीय नोंदींसह सिद्ध झालेलं भारतातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ. यामागे होत्या डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंदकुमार.

उल्हासनगरकरांना यात एक आपुलकीचा धागा सापडेल. फाळणीत सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी कल्याण कॅम्पच्या बराकींमध्ये संसार मांडले आणि १९४९ मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. हिंदुजांचं कुटुंबही त्याच फाळणीत सिंधमधल्या शिकारपूरहून निघालेलं. ते मुंबईत आणि पुढे बेळगावात राहिलं. २०११ मध्ये डॉ. हिंदुजांना पद्मश्री मिळाली.

आणि त्यांच्याही आधी कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी हे करून दाखवलं होतं, ३ ऑक्टोबर १९७८ ला. जगातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ, लुईस ब्राउन, इंग्लंडमध्ये जन्मलं त्याला तेव्हा अडीच महिनेही झाले नव्हते. पण त्यांच्यावर सरकारी समितीने विश्वास ठेवला नाही, त्यांची चेष्टा झाली, १९८१ मध्ये त्यांनी जीवन संपवलं. पुढे त्यांची कागदपत्रं वाचून ‘पहिले ते, मी नाही’ असं जाहीरपणे मांडलं ते डॉ. आनंदकुमार यांनीच. ज्यांना पहिलेपणाचा मान मिळाला होता, त्यांनी.

हर्षा स्वतः मार्च २०१६ मध्ये आई झाली. महाशिवरात्रीचा दिवस होता. अंबरनाथच्या शिवमंदिराबाहेर त्या दिवशी रांग किती लांब असते ते तुम्हाला सांगायला नको. माझ्या आईने वहिनीला त्या रांगेत दोनदा उभं केलंय. त्याबद्दल माझी तक्रार नाही. रांगेत जरूर उभं राहावं. फक्त ओपीडीच्या रांगेतही राहावं, आणि तिथे दोघांनी.

उपचार म्हणजे थेट आयव्हीएफ नव्हे

पहिल्याच भेटीत कोणी लाखांचं पॅकेज समोर ठेवलं तर उठून दुसरं मत घ्या. क्रम साधारण असा असतो : आधी दोघांच्या तपासण्या, मग कारणावर औषध किंवा छोटी शस्त्रक्रिया, बीज तयार होण्यासाठी गोळ्या, मग आययूआय, म्हणजे निवडलेले शुक्राणू थेट गर्भाशयात सोडणं. त्यानंतर आयव्हीएफ. शुक्राणू फारच कमी असतील तर एकेक शुक्राणू सुईने बीजात सोडायचं इक्सी तंत्र १९९२ पासून आहे. दोन्ही नलिका बंद असतील, वय जास्त असेल, तर क्रम बदलतो, पण का बदलला हे डॉक्टरांनी समजावून सांगायला हवं. आयव्हीएफचं एक चक्र सहज लाखाच्या पुढे जातं आणि ते दरवेळी यशस्वी होत नाही. ‘शंभर टक्के गॅरंटी’ देणारा डॉक्टर असो की स्टिकरवाला बाबा, दोघांपासून सारखंच लांब राहा.

सुरुवात घराजवळच होऊ शकते. उल्हासनगर कॅम्प ३ च्या सरकारी मध्यवर्ती रुग्णालयाच्या स्त्रीरोग ओपीडीत जाता येतं. परळची ती संशोधन संस्था आजही आहे, तिथे वंध्यत्वाची ओपीडी चालते. पुरुषांसाठी युरोलॉजिस्ट किंवा अँड्रोलॉजिस्ट. शेजारच्या गोव्यात तर २०२३ मध्ये बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजात मोफत आयव्हीएफ सुरू झालं.

कायदाही माहीत असू द्या. २०२१ चा सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायदा जानेवारी २०२२ पासून लागू आहे. क्लिनिकची नोंदणी सक्तीची आहे, नोंदणी क्रमांक मागायला लाजू नका. उपचारासाठी बाईचं वय २१ ते ५० आणि पुरुषाचं २१ ते ५५ असावं लागतं. कॉलेजच्या मुलींनो, ‘अंडी दान करा, पैसे कमवा’ असं सांगत कोणी आलं तर लक्षात ठेवा : स्त्रीबीजाची विक्री हा गुन्हा आहे. दाता २३ ते ३५ वयाची हवी, आयुष्यात एकदाच दान करता येतं आणि सातपेक्षा जास्त बीजं काढता येत नाहीत.

आणि बाबांसाठी आपल्या राज्यात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. ज्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं झगडले आणि जो त्यांच्या खुनानंतर झाला, तोच. अलौकिक शक्तीने मूल होईल असं सांगून मूल नसलेल्या बाईशी संबंध ठेवणं हे त्या कायद्याच्या अनुसूचीत स्पष्ट लिहिलंय. असं लिहावं लागलं, यावरूनच समजा.

मग बोलायचं काय?

‘गोड बातमी कधी?’ हे विचारायचं नाही, इतकं सोपं आहे. ‘टेन्शन घेऊ नका, आपोआप होईल’ हेही नको. टेन्शनने नलिका बंद होत नाहीत आणि टेन्शन सोडल्याने उघडत नाहीत. ‘दत्तक घ्या ना’ हा सल्लाही न मागता देऊ नये. दत्तक हा छान मार्ग आहे, मूल नको असं ठरवणं हाही मार्ग आहे, पण ते त्या दोघांनी ठरवायचं. डोहाळजेवणाला, हळदीकुंकवाला तिला वगळू नका, आणि ती आली नाही तर रागावूही नका. तिच्यासोबत दवाखान्यात कोणी नसेल तर विचारा, ‘मी येऊ का?’

हे छापायला ‘हो’ म्हणायला दादाने तीन आठवडे घेतले. वहिनीने एका दिवसात सांगितलं, “लिही. पण शेवटी बाळ झालं असं खोटं लिहू नकोस.”

तर नाही झालेलं. तिसरा रिपोर्ट पुढच्या महिन्यात आहे. वहिनीने तो सेव्ह केलेला नंबर काढून टाकला का, हे मी विचारलेलं नाही.

पण गेल्या महिन्यात अंबरनाथला एका लग्नात जेवणाच्या पंगतीत आत्याने नेहमीप्रमाणे वहिनीला गाठलं. “काय गं, कधी देतेस पेढे? डॉक्टरला दाखवलंस का नाही?” वहिनी पानातल्या जिलेबीकडे बघत राहिली. तेवढ्यात समोरच्या रांगेतून दादा म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असा :

“आत्या, तिच्या झाल्या तपासण्या. आता माझ्या चालू आहेत.”

आत्याने वाढप्याला हाक मारली आणि मठ्ठा मागितला.